तात्यांचं सरकारी झाड

या पृथ्वीतलावर माझ्या सासऱ्यांना ज्याचं नातं कुठूनच जुळवता आलं नाही असा एकच माणूस निघाला, आणि तो म्हणजे मी, त्यांचा एकुलता एक जावई. एरवी त्यांच्या तावडीतून अनोळखी म्हणून कुणी सुटलेला नाही. त्यांना घरात आणि त्यांच्या गावात, वरकुट्यात, सगळे तात्या म्हणतात; आमची मुलगीही आजोबा न म्हणता तात्याच म्हणते. इंदापूरच्या एसटी स्टँडवर शेजारी येऊन बसलेला माणूस पिशवी मांडीवर घेऊन नीट टेकायच्या आत तात्यांचा पहिला प्रश्न सुटलेला असतो, "गाव कुठलं?" गाव कळलं की आडनाव, आडनावावरून आजोळ, आजोळावरून कुणाची तरी मावशी, आणि एसटी लागेपर्यंत तो माणूस तात्यांच्या सांगवीला दिलेल्या बहिणीच्या चुलत दिराचा साडू निघालेला असतो. मग तात्या पिशवीतून दहा लिंबं काढून त्याच्या हातावर ठेवतात. मागे बारामतीच्या एका दवाखान्यात ते तीन दिवस होते, तेव्हा सलाइन लावायला येणाऱ्या केरळच्या सिस्टरलाही त्यांनी गाव विचारलं. तिनं सांगितलेलं नाव त्यांना दोनदा प्रयत्न करूनही उच्चारता आलं नाही. पण वरकुट्याचा एक जण मिल्ट्रीत असताना तिकडे दोन वर्षं होता, एवढ्या धाग्यावर त्यांनी तिलाही नात्यात ओढलं आणि घरी सोडताना तिच्या हातात लिंबांची पिशवी दिली. ती बिचारी "नको बाबा, नको बाबा" म्हणत होती. तात्या म्हणाले, "माहेरची समजून घे."

अशा माणसाच्या पदरात मी पडलो. माझ्या वडिलांना गाव नव्हतं. ते एका बालकाश्रमात वाढले, आडनाव तिथल्या व्यवस्थापकांनी दिलं, आणि पुढे ते बांधकाम खात्यात रोडरोलर चालवायला लागले. जिथं रस्ता चालू तिथं आमचं पत्र्याचं घर. मी एका तालुक्यात जन्मलो, दुसऱ्यात पाटी गिरवली, तिसऱ्यात मला मिसरूड फुटलं, आणि चौथ्यात, म्हणजे बारामतीत, कॉलेजच्या ग्रंथालयात चिकटलो. तिथं तात्यांची मुलगी वैशाली पुस्तकं बदलायला यायची. पुस्तकं वाचून व्हायच्या आतच ती बदलायला यायला लागली तेव्हा प्रकरण कुठं चाललंय ते दोघांच्याही लक्षात आलं. रीतसर बोलणी करायला तात्या माझ्या भाड्याच्या खोलीवर आले. चहाचा कप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"गाव कुठलं?"

"तसं गाव नाही."

"आसं कसं? आत्ता नसंल. मूळ गाव?"

"माहीत नाही. वडिलांनाही माहीत नव्हतं."

"बरं. जत्रा कुठली करता?"

"रोलर जिथं असेल तिथली."

तात्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग अजिबात नव्हता, नुसती काळजी होती. शेवटी म्हणाले, "पाव्हणं, समदं ब्येस हाय. नोकरी हाय, यसन न्हाय, पोरीचं मन हाय. पण लग्नपत्रिकेत तुमच्या नावाखाली छापायचं काय?" ही अडचण त्यांना खरोखरच डोंगराएवढी वाटत होती. आमच्याकडच्या पत्रिकेत वधूवरांच्या नावाखाली 'रा. अमुक, ता. तमुक' असतंच असतं. ते नसेल तर नवरदेव हवेतून उतरल्यासारखा दिसतो. छापखान्यात जाऊन तात्या दोन तास बसले आणि स्वतःच्या अकलेनं तोडगा काढून आले. पत्रिकेवर छापलं होतं, 'रा. बारामती (सध्या)'.

त्या कंसातल्या 'सध्या'नं मला बारा वर्षं छळलं. तसं तात्यांनी कधी काही कमी केलं नाही. धोंड्याच्या महिन्यात अनारशांचा डबा आला, मुक्ता झाली तेव्हा त्यांनी मला मिठी मारली, माझे वडील गेले तेव्हा तेरा दिवस ते माझ्या घरी सतरंजीवर झोपले. पण बोलावताना ते न चुकता "आमच्या वरकुट्याला या" असंच म्हणायचे. आमच्या. आणि वरकुट्यात कुणी पारावर विचारलं, "तात्या, जावई कुठलं?" की जगातल्या सगळ्या नात्यांचा नकाशा पाठ असलेला हा माणूस घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "बारामतीलाच असत्यात सध्या."

गेल्या वर्षी मुक्ता पाचवीत गेली आणि शाळेतून एक जाडजूड वही घेऊन आली. वहीवर नाव, 'माझ्या राज्याची ओळख'. बाईंनी तिचे तीन भाग पाडून दिले होते. पहिला इतिहासाचा, दुसरा राज्याच्या मानचिन्हांचा, तिसरा राज्यातल्या माणसांचा. मानचिन्हांत एक मेख होती: चित्र चिकटवून भागणार नव्हतं, एका तरी मानचिन्हाचं स्वतः निरीक्षण करून रोजची नोंद करायची होती. आणि तिसऱ्या भागाची सुरुवात स्वतःच्या कुटुंबापासून होती. आईचं मूळ गाव, वडिलांचं मूळ गाव. आईच्या ओळीत मुक्तानं झटकन 'वरकुटे' लिहिलं आणि पेन वर धरून माझ्याकडे बघितलं. मी पेपरात डोकं घातलं. वैशाली म्हणाली, "ते नंतर लिही. आधी इतिहास कर."

ती वही रविवारी वरकुट्याला गेली आणि तात्यांच्या हाती लागली. तिथून पुढे राज्याची ओळख करून देण्याचं खातं त्यांनी परस्पर ताब्यात घेतलं. तात्यांची शाळा सातवीपर्यंत, पण आत्मविश्वास विद्यापीठाचा. राज्याची स्थापना एक मे एकोणीसशे साठ, असं मुक्तानं वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "म्हंजी माझ्यापेक्षा दोन वर्सांनी धाकलं." त्या दिवसापासून ते राज्याविषयी धाकट्या भावाविषयी बोलावं तसं एकेरीत बोलायला लागले. त्याचं बरं चाललंय, जरा खर्चिक हाय, पण मनानं चांगलं हाय. जिल्हे छत्तीस, हे ऐकून तर ते उठूनच बसले. "छत्तीस? पत्रिकेत गुणबी छत्तीसच आसत्यात. समदं गुण जुळल्यालं राज्य हाय ह्ये." मुक्तानं ते जसंच्या तसं लिहिलं. महाराजांचा धडा आला की तात्या आधी मुंडासं सारखं करायचे. त्यांचं म्हणणं असं की सगळी पुस्तकं इतिहास किल्ल्यापासून सुरू करतात आणि तिथंच चुकतात. महाराजांच्या आजोबांची गढी इंदापुरात, म्हणजे इतिहास सुरू होतो तो इंदापूर तालुक्यातून, आणि मग बाकीच्या महाराष्ट्रात जातो.

खरी बहार आली ती मानचिन्हांत. बाईंच्या दृष्टीनं ती यादी होती, तात्यांच्या दृष्टीनं ती स्थळं होती. राज्यप्राणी शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी तांबूस खार, असं मुक्तानं सांगितलं.

"गाव कुठलं त्याचं?"

"भीमाशंकरचं जंगल, तात्या."

"मग आपलंच की! भीमा नदी तितनंच निघती. त्ये वर पाणी पितं, उजनीच्या फुगवट्यात त्येच पाणी येतं, न् त्येच पाइपातनं माझी लिंबं पित्यात. येका पाण्यावरची माणसं आमी."

हरियाल पक्ष्याला त्यांनी ओळखलं ते चित्रावरून. त्यांच्या बांधावरच्या उंबरावर असले हिरवट पारवे लहानपणी थव्यानं उतरायचे, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. आंब्याची चौकशी करायची गरज नव्हती, तो घरचाच. ताम्हणाचं जांभळं फूल कोकणाकडचं निघालं तेव्हा मात्र ते जरा नाराज झाले, कारण कोकणात आपलं कुणी नाही. पण बारामतीच्या एका रस्त्याच्या मधोमध नगरपालिकेनं ताम्हणाची झाडं लावली आहेत, हे वैशालीनं सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. "नोकरीनिमित्त आल्यालं दिसतंय," म्हणाले. मी शेजारी शेंगा फोडत बसलो होतो. बोलताना त्यांची नजर ओझरती माझ्यावरून गेली, आणि मी एक किडकी शेंग मुकाट्यानं खाल्ली.

शेवटी उरलं राज्यफुलपाखरू. ब्लू मॉरमॉन, मराठीत निलवंत. मखमली काळे पंख, त्यावर निळ्या रंगाचा शिडकावा. मुक्तानं वैशालीच्या मोबाइलवर तात्यांना त्याचे चारही अवतार दाखवले: अंडं, अळी, कोश, फुलपाखरू. खाली लिहिलं होतं की याची अळी लिंबाच्या जातीच्या झाडांची पानं खाते. तात्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला. अळीचं चित्र बोटानं मोठं करून घेतलं. मग त्यांचा चेहरा पडत गेला.

"ही तर आपल्या लिंबावरची अळी," ते म्हणाले.

इथं तात्यांच्या लिंबाविषयी सांगायला हवं. तीन एकरांवर त्यांची बाग आहे आणि त्या बागेचं पान हा त्यांचा अभिमान आहे. फळाचं कौतुक कुणीही करतं. तात्या पान दाखवतात. "येक खाल्ल्यालं पान काढून दाखवा, शंभर लिंबं फुकाट," अशी त्यांची पैज असते. पाठीवर पंप घेऊन ते तीस वर्षं या अळीमागे लागले होते. लहानपणी ती पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की पानासारखी हिरवी होते, आणि बोट लावलं की डोक्यातून नारिंगी शिंगं काढून घाण वास सोडते. तिचं हे सगळं सोंग तात्यांना पाठ होतं. आता कळलं ते असं, की तीस वर्षं आपण राज्याच्या मानकऱ्याला बाळपणीच मारत आलो. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर बसून गावच्या कृषी सहायकाला गाठलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "साह्येब, ह्याच्यावर केस हुती का?" त्या भल्या माणसानं हसू दाबून सांगितलं की अळीला मारल्याबद्दल अजून कुणाला आत टाकलेलं नाही. तात्यांचं समाधान झालं नाही. परत येऊन ते सासूबाईंना म्हणाले, "म्हंजी बारीक हाय तवर लाथा घालायच्या, न् पंख फुटल्याव मान द्यायचा. माणसांचंच ल्हान रूप हाय ह्ये."

आणि मग त्यांनी जन्मात कधी केली नव्हती अशी गोष्ट केली. एक झाड सोडून दिलं. तेही बागेच्या कोपऱ्यातलं मरतुकडं नव्हे. अंगणासमोरचं, त्यांनी स्वतः लावलेलं पहिलं लिंबू, येणारा-जाणारा ज्याच्याकडे बघून पुढे जातो ते. सासूबाई म्हणाल्या, "आवो, मागल्या बाजूचं सोडा की." तात्या म्हणाले, "पाव्हण्याला मागल्या दारी बसवत्यात व्हय?" त्या झाडावर फवारणी बंद झाली. पंधरा दिवसांत त्याच्या कोवळ्या पानांवर सात अळ्या दिसायला लागल्या. बुलबुल त्या टिपायला येतात हे लक्षात आल्यावर तात्यांनी शेजारच्या डाळिंबवाल्याकडून फळांवर टाकायचं पांढरं कापड आणलं आणि झाडाच्या फांद्यांवर पांघरलं. भर अंगणात पांढऱ्या कापडातलं ते झाड बोहल्यावर उभं केल्यासारखं दिसायचं. लोक थांबायचे.

"तात्या, झाड आजारी हाय का?"

"सरकारी हाय," तात्या म्हणायचे.

मुक्ता शाळेमुळे बारामतीला. त्यामुळे निरीक्षणाचं काम तात्यांकडे आणि लिहिण्याचं तिच्याकडे, अशी वाटणी झाली. रोज संध्याकाळी सात वाजता फोन यायचा. तात्या आकाशवाणीच्या सुरात सुरू करायचे, "लिही. आज वार बुधवार. नंबर एक, दोन आणि पाच यांनी चांगलं खाल्लं. नंबर चार रुसल्याली हाय, खात न्हाय. नंबर सातनं कात टाकली. वारा मध्यम." पुढे त्यांनी अळ्यांना नंबर सोडून गावांची नावं दिली. सांगवीवाली, काटेवाडीवाली, अशी. काटेवाडीवाली सगळ्यात खादाड, तिच्या फांदीवर देठंच उरली होती. ज्या माणसानं खाल्लेलं पान दाखवण्यावर शंभर लिंबं लावली होती, तो आता फोनवर उत्साहानं सांगायचा, "आज अकरा पानं गेली, अकरा!" मी शनिवारी जाऊन बघायचो, तर झाड निम्मं उघडं पडलेलं. तात्या त्याच्याकडे बघत उभे असायचे. त्यांना वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं. नातीसाठी ते गिळत होते.

मुक्ताचा जीव त्या निळ्यात अडकला होता. वर्गात बाकी सगळ्यांनी आंबा घेतला होता, कारण आंबा पळून जात नाही. हिनं फुलपाखरू घेतलं म्हणून दोघी-तिघी हसल्या होत्या, आणि तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मी निळं घेऊन येईन. सातातल्या दोनच अळ्या शेवटपर्यंत टिकल्या. त्यांनी कोश केले, एक काळा पडून वाळला, आणि उरला एक. काटेवाडीवाली. शनिवारी तात्यांचा फोन आला, "कोश आतनं काळसर दिसाया लागलाय. मुक्काम टाका."

रविवारी सकाळी आम्ही सगळे अंगणात बसलो होतो. सासूबाईंनी चहा तिथंच आणला. तात्यांनी धुतलेला सदरा घातला होता आणि झाडावरचं कापड काढून ठेवलं होतं. साडेआठच्या सुमाराला कोश चिरला आणि एक ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं. फांदीला उलटं लटकून ते हळूहळू पंख उघडत गेलं. काळं दिसत होतं. पंख पूर्ण उघडले, आणि त्यावर निळं काहीच नव्हतं. सगळे फिकट पिवळे ठिपके, आणि खाली लाल डाग. मी मोबाइलवर शोधलं. लिंबावरचं साधं फुलपाखरू, सगळीकडे आढळणारं. अळ्या दोघांच्या सारख्याच दिसतात, असं तिथं लिहिलं होतं.

मग तात्या हळूच म्हणाले, "नवरदेव न्हाय वाटतं. करवला हाय."

मुक्ता रडायला लागली. हुंदके देत म्हणाली, की मी वहीत निळंच लिहिणार, मोबाइलवरचा फोटो चिकटवणार, बाईंना काय कळतंय. वैशाली तिला समजावायला पुढे झाली, पण तात्यांनी हातानं थांबवलं आणि नातीजवळ खाली मातीत बसले.

"खोटं लिहायचं न्हाय. जे आलं त्ये लिही."

"पण हे राज्याचं नाहीये, तात्या!"

"कुणी सांगितलं? राज्यात जन्मलं, राज्याचा पाला खाल्ला."

"यादीत नाही ना ते."

"यादीत न्हाय म्हणून त्याचं उडायचं थांबलंय का? ह्या झाडावर वाढलं, ह्या झाडाचं झालं. आता त्येला काय गाव इचारत बसायचं का..."

इथं तात्या एकदम थांबले. पुढचं वाक्य तोंडात होतं, ते बाहेर आलंच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग झाडाकडे, मग परत माझ्याकडे. मी चहाचा रिकामा कप उचलला. बारा वर्षांपूर्वी माझ्या खोलीवर त्यांनी जसा कप हातात धरला होता, तसाच मी धरून बसलो.

"मुक्ते," ते म्हणाले, "वही आण तुजी."

तिनं नाक पुसत वही आणली. तात्यांनी चष्मा लावला, पानं उलटत तिसऱ्या भागावर आले. आईचे मूळ गाव, वरकुटे. वडिलांचे मूळ गाव, आणि पुढे दोन महिने मोकळी राहिलेली ओळ. त्यांनी पेन मागितलं. तात्यांचं अक्षर मोठं आणि चालायला शिकणाऱ्या पोरासारखं. एकेक काना ते दाबून काढतात. त्या ओळीत त्यांनी लिहिलं, 'वरकुटे, ता. इंदापूर.' मुक्ता वाकून बघत होती. म्हणाली, "तात्या, हे तर आईचं गाव आहे. पप्पांचं वेगळं लागतं."

"लागत न्हाय," तात्या म्हणाले. "त्यांचंबी ह्येच."

"मग कंसात काही लिहायचं का?"

त्या पोरीला पत्रिकेतल्या कंसाची काहीही माहिती नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. ती वर्गातल्या सवयीनं विचारत होती. पण तात्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसला आणि म्हणाले, "न्हाय. कंस नगं. कंस घालून माझं चुकलं हुतं."

मला रडू आलं. चाळिशीच्या माणसानं सासुरवाडीच्या अंगणात सगळ्यांदेखत रडणं शोभत नाही, म्हणून मी उठून विहिरीकडे गेलो आणि उगीच मोटार चालू करून आलो. परत आलो तेव्हा पंख वाळवून ते पिवळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू झाडावर एक फेरी मारून शेजारच्या डाळिंबात निघून गेलं होतं, आणि तात्या मुक्ताला आजची नोंद सांगत होते. "लिही. वार रविवार. काटेवाडीवाली सुखरूप सासरी गेली."

वही शाळेत गेली आणि परत आली. निरीक्षणाला बाईंनी 'उत्तम, प्रामाणिक नोंद' असा शेरा दिला होता. वडिलांच्या गावापुढे मात्र लाल पेनानं प्रश्नचिन्ह होतं; वडिलांचं गाव वेगळं असावं, तपासून पाहा. मुक्तानं ते तपासलं नाही. वही आता आमच्या कपाटात आहे, आणि मी कधीकधी ते प्रश्नचिन्ह उघडून बघतो. मला आता ते टोचत नाही.

तात्यांनी ते झाड पुन्हा फवारलं नाही. यंदाही त्याच्या पानांची चाळण झाली आहे, आणि त्याच्या शेजारी ते प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात. निळं फुलपाखरू काही आलेलं नाही. पिवळ्या ठिपक्यांची येतात, झुंडीनं येतात. तात्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन करा म्हटलं की म्हणतात, एवढा बहार जाऊ द्या. परवा संध्याकाळी सात वाजता, जुन्या सवयीनं, त्यांचा फोन आला. मुक्ता क्लासला गेली होती, म्हणून मी घेतला.

"आज येक मोठं काळं झाडावरनं फिरून गेलं," ते म्हणाले. "निळं हुतं का न्हाय, मला काय उमगलं न्हाय. नजर हाललीय आता. पोरीला सांगू नगा, आशा लावायची न्हाय उगंच."

"नाही सांगत."

"तुमी कुणीतरी येऊन बसाया पायजे हितं. तुमची नजर चांगली हाय." मग जणू बारा वर्षं असंच म्हणत आल्यासारखं, त्यांनी विचारलं, "मग? आपल्या वरकुट्याला कधी येताय?"

येतो म्हणालो. शनिवारची पहिली एसटी धरायची, असं ठरवून टाकलं.